व्हर्च्युअल मशीनमध्ये पॅराव्ह्यू सोर्सपासून बांधताना: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, ताळगावचं गोवा विद्यापीठ अशा ठिकाणी प्रकल्पासाठी जाणाऱ्या मुलांच्या हाती लवकरच नेटसीडीएफ फाइल पडते. समुद्राचं तापमान, प्रवाह, पाऊस असं सगळं तिच्यात भरलेलं असतं. ते डोळ्यांना दिसावं म्हणून पॅराव्ह्यू वापरतात. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, २००२ पासून लोकांच्या हाती आहे आणि व्हीटीके या त्याहून जुन्या लायब्ररीवर उभं आहे.

आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला फक्त चित्रं काढायची असतील तर सोर्स बांधू नका, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः प्रोग्राम तयार करायला जाऊ नका. पॅराव्ह्यूच्या संकेतस्थळावर तयार आवृत्ती मिळते, ती उतरवा आणि कामाला लागा. पुढचा खटाटोप स्वतःचा फिल्टर, रीडर किंवा प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी, म्हणजे पॅराव्ह्यूच्या आतल्या कोडला हात लावणाऱ्यांसाठी आहे. तो व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आपल्या संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, करायचा आहे.

या कामात बहुतेक जण अडतात ते कोडमुळे नाही. पहिल्या दहा मिनिटांत डिस्क, मेमरी आणि कोअर यांचे जे आकडे भरले जातात त्यांच्यामुळे अडतात. चुकीचा आकडा त्या क्षणी काहीच बोलत नाही, दोन तासांनी बोलतो. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्या सावकाश वाचा.

कमांडविषयी एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपी वापरा आणि जिथे मोठं अक्षर सांगितलं आहे ती जागा सोडून सगळी अक्षरं लहान ठेवा. आकडे नेहमीचे. हायफन, स्लॅश, टिंब जसेच्या तसे.

१. काय लागेल

- ६४ बिटचा लॅपटॉप किंवा पीसी, १६ जीबी रॅम. ८ जीबीवर काम होतं, पण फार रडतखडत.
- एसएसडीवर किमान १०० जीबी मोकळी जागा. फिरत्या हार्ड डिस्कवर हा प्रयोग करू नका, लाखो लहान फाइली वाचण्यातच दिवस जाईल.
- व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), ७ मालिकेतली ताजी आवृत्ती.
- उबुंटू २४.०४ एलटीएस डेस्कटॉप (मशीनमध्ये बसवायचं लिनक्स) याची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, सुमारे ६ जीबी.
- एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह. तो कशासाठी, ते शेवटी येईल.
- डेस्कटॉप पीसी असेल तर यूपीएस. जून ते सप्टेंबर याला पर्याय नाही.

सत्तरी, सांगे, काणकोण भागात घरचं नेट मोबाइलवर चालत असेल तर आयएसओ कॉलेजमध्येच उतरवून घ्या. घरी आणल्यावर तिचा एसएचए २५६ (फाइल शाबूत आहे का ते सांगणारी खूण) जुळवून पाहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर «सर्टयुटिल -हॅशफाइल», मग फाइलचं नाव, मग «एसएचए२५६» मोठ्या अक्षरांत. येणारी लांब ओळ उबुंटूच्या पानावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. अर्धवट उतरलेली आयएसओ कित्येकदा इन्स्टॉलेशनच्या मध्यावर पोचल्यावरच दगा देते.

ॲपलच्या एम मालिकेचा मॅक असेल तर हा लेख जसाच्या तसा लागू होणार नाही. तिथे व्हर्च्युअलबॉक्सऐवजी यूटीएम हे तसंच सॉफ्टवेअर घ्या आणि उबुंटूची एआरएम ६४ आवृत्ती वापरा. पायरी ४ पासून पुढचं बहुतेक सगळं सारखंच आहे, फक्त गेस्ट ॲडिशन्स (आतल्या उबुंटूचं बाहेरच्या संगणकाशी जमवणारे ड्रायव्हर) आणि शेअर्ड फोल्डर यूटीएमच्या पद्धतीने लावायचे.

२. व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे खाली «व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड» दिसलं पाहिजे. «डिसेबल्ड» असेल तर बायोसमध्ये जावं लागतं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने असतं, एएमडीवर एसव्हीएम मोड या नावाने.

बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायोस बदलल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि नसेल तर स्वतःच्याच डेटाबाहेर उभं राहायची पाळी येते.

दुसरा सापळा हायपर-व्हीचा. लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतलं लिनक्स), हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) किंवा कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स चालतो, पण अगदी मंद. खूण सोपी आहे: चालू मशीनच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसतं. कासव दिसलं तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर «बीसीडीएडिट /सेट हायपरवायझरलाँचटाइप ऑफ» द्या आणि रीस्टार्ट करा. परत पूर्ववत करायला «ऑफ»च्या जागी «ऑटो». हायपर-व्ही असं बंद असेपर्यंत डब्ल्यूएसएल २ चालणार नाही. एवढं करूनही कासव गेलं नाही तर मेमरी इंटेग्रिटी तपासा, पण ती सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे काम झाल्यावर पुन्हा चालू करा.

३. मशीन तयार करणं: इथले आकडे महत्त्वाचे

नवीन मशीन बनवताना व्हर्च्युअलबॉक्स «अनअटेंडेड» इन्स्टॉलेशन सुचवतो. ते नाकारा. वेळ वाचतोसं वाटतं, पण त्यात «व्हीबॉक्सयूझर» नावाचा वापरकर्ता तयार होतो, त्याला सुडोचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार नसतात, आणि पहिल्याच कमांडला «सुडोअर्स फाइलमध्ये नाव नाही» असं उत्तर मिळतं. उबुंटू हातानेच बसवा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

आता आकडे, १६ जीबी रॅमच्या मशीनसाठी:

- मेमरी: ८१९२ एमबी. निम्म्याहून जास्त देऊ नका. विंडोजचाच श्वास कोंडला की दोन्ही बाजू अडतात.
- प्रोसेसर: ४. खऱ्या कोअरच्या संख्येपेक्षा जास्त नको. स्लायडर पुढे जातो, पण तो थ्रेड मोजतो.
- डिस्क: ८० जीबी, डायनॅमिक. आपोआप येणारे २५ जीबी पुरत नाहीत. डायनॅमिक म्हणजे जागा लागेल तशीच घेतली जाते, म्हणून मोठा आकडा द्यायला भिऊ नका. नंतर डिस्क वाढवायची तर आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, मग उबुंटूच्या आत पार्टिशन, असं दोनदा करावं लागतं, आणि स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची जपून ठेवलेली नोंद) घेतलेले असले तर ते आणखी किचकट होतं.
- डिस्प्ले: व्हिडिओ मेमरी १२८ एमबी, कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए, थ्रीडी ॲक्सिलरेशन चालू.

मेमरी आणि कोअर यांची सांगड अशी: व्हीटीकेच्या काही सी++ फाइली कंपाइल होताना एकेक प्रोसेस एक-दीड जीबी खाते. एका समांतर कामामागे २ जीबी धरा. ८ जीबीत चार कामं म्हणजे काठावर, तीन म्हणजे निर्धास्त.

४. उबुंटू बसल्यावर पहिला अर्धा तास

प्रथम «सुडो एपीटी अपडेट», मग «सुडो एपीटी अपग्रेड», मग रीस्टार्ट. हा क्रम मोडू नका. नवा कर्नल येऊन बसतो, आणि जुन्या कर्नलवर गेस्ट ॲडिशन्स बांधली तर रीस्टार्टनंतर पुन्हा तेच काम.

गेस्ट ॲडिशन्ससाठी «सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल डीकेएमएस लिनक्स-हेडर्स-जेनेरिक». मग वरच्या डिव्हायसेस मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला, तिच्यातलं लिनक्सचं स्क्रिप्ट सुडोने चालवा आणि रीस्टार्ट करा. खिडकी ओढली की डेस्कटॉपचा आकार बदलू लागला, म्हणजे बसलं.

शेअर्ड फोल्डर वापरायचा तर स्वतःला «व्हीबॉक्सएसएफ» गटात घाला: «सुडो ॲडयूझर», तुमचं नाव, «व्हीबॉक्सएसएफ». लॉगआउट केल्याशिवाय ते लागू होत नाही. या फोल्डरमध्ये फक्त डेटा ठेवायचा. सोर्स किंवा बिल्ड तिथे कधीही ठेवू नका. त्या फाइल सिस्टिममध्ये सिमलिंक सहसा बनत नाहीत, विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, आणि वेगही खूप उतरतो. मग जी एरर येते तिचा खऱ्या कारणाशी काही संबंध दिसत नाही, आणि नवशिका दोन दिवस सीमेकला (बांधणीची तयारी करणाऱ्या साधनाला) दोष देत बसतो.

लॉगिनच्या पडद्यावर, पासवर्ड विचारला जातो तिथे, खाली उजवीकडे दातेरी चाकाची खूण असते. तिथून «उबुंटू ऑन एक्सऑर्ग» निवडा. आभासी ग्राफिक्स आणि वेलँड (उबुंटूची नेहमीची पडदा दाखवण्याची व्यवस्था) यांचं सगळीकडे जमत नाही, एक्सऑर्गवर कटकट कमी.

५. ग्राफिक्सची परीक्षा, बांधण्याआधीच

पॅराव्ह्यूला ओपनजीएल (थ्रीडी चित्रं काढायची व्यवस्था) ३.२ किंवा वरचं लागतं. «सुडो एपीटी इन्स्टॉल मेसा-युटिल्स» करून «जीएलएक्सइन्फो -बी» चालवा. इथे बी मोठ्या अक्षरात. रेंडररच्या ओळीत «एसव्हीजीए३डी» आलं तर होस्टचं, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाचं, ग्राफिक्स कार्ड वापरलं जातंय. «एलएलव्हीएमपाइप» आलं तर सगळं चित्र सीपीयूच रंगवतोय. घाबरू नका, एलएलव्हीएमपाइपमध्येही पुरेसं ओपनजीएल मिळतं, फक्त मोठा डेटा फिरवताना धक्के बसतात.

पुढे पॅराव्ह्यू उघडल्यावर मधला भाग काळा राहिला किंवा प्रोग्राम धाडकन बंद पडला, तर कमांडच्या आधी «लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर=१» मोठ्या अक्षरांत लिहून चालवा. त्याने चाललं तर दोष थ्रीडी ॲक्सिलरेशनचा, तुमच्या बिल्डचा नाही. पुन्हा बांधत बसू नका.

६. लागणारी पॅकेजं, एका फटक्यात

क्यूटी, पायथन, नेटसीडीएफ, एचडीएफ अशी पंचवीस-तीस पॅकेजं एकेक करून शोधण्याची गरज नाही. उबुंटूच्या भांडारात पॅराव्ह्यूची ५.११ मालिकेतली आवृत्ती आहे. ती बांधायला जे लागतं तेच एपीटीकडून मागवायचं.

त्यासाठी सोर्स भांडार चालू करावं लागतं. «सुडो नॅनो /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस» उघडा. «टाइप्स: डेब» अशी ओळ दोन ठिकाणी असते (तिच्यातला टी मोठा, तो तसाच राहू द्या). दोन्हीकडे शेवटी एक जागा सोडून «डेब-एसआरसी» जोडा. मग:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी बिल्ड-डेप पॅराव्ह्यू
सुडो एपीटी इन्स्टॉल गिट निंजा-बिल्ड सीकॅश सीमेक-क्यूटी-जीयूआय

दुसरी कमांड भरपूर डेटा उतरवते, मोबाइल नेटवर असाल तर दिवसाचा कोटा बघून चालवा. तिन्ही कमांड पूर्ण झाल्यावर मशीन बंद करा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिला स्नॅपशॉट घ्या. नाव «पॅकेजं झाली» असं समजेल असं द्या, आपोआप येणारं «स्नॅपशॉट १» पुढच्या महिन्यात काहीच सांगणार नाही.

७. सोर्स आणणं

होममध्ये «पीव्ही» फोल्डर करा, त्यात शिरा आणि:

गिट क्लोन --रिकर्सिव्ह --ब्रँच व्ही५.१३.१ एचटीटीपीएस://गिटलॅब.किटवेअर.कॉम/पॅराव्ह्यू/पॅराव्ह्यू.गिट एसआरसी

«--रिकर्सिव्ह» विसरलात तर व्हीटीकेचा फोल्डर रिकामा येतो, कारण व्हीटीके हे सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेलं वेगळं गिट भांडार, आहे. गिटहबवरून झिप उतरवली तरी तेच होतं. नेट मध्येच तुटलं आणि सबमॉड्यूल अर्धी राहिली तर एसआरसीमध्ये जाऊन «गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह» द्या, राहिलेलं उतरेल. पुढे कधी दुसऱ्या टॅगवर गेलात तरी हीच कमांड पुन्हा द्यायची. नवं पॅराव्ह्यू आणि जुनं व्हीटीके एकत्र आले की येणाऱ्या एरर वाचून काही बोध होत नाही.

८. सीमेक

बिल्डचा फोल्डर सोर्सच्या बाहेर, शेजारी: «पीव्ही/बिल्ड». ॲनाकोंडा किंवा मिनिकोंडा बसवलं असेल तर आधी «कोंडा डीॲक्टिव्हेट» करा. टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात «बेस» दिसत असेल तर ते चालू आहे. तसंच पुढे गेलात तर सीमेक कोंडाचं पायथन, उबुंटूचं क्यूटी अशी खिचडी करतो आणि शेवटच्या लिंकिंगला (तयार तुकडे एकत्र जोडताना) सगळं कोसळतं.

«सीमेक-जीयूआय» उघडा. वर सोर्स आणि बिल्डचे मार्ग द्या, कॉन्फिगर दाबा, जनरेटर म्हणून निंजा (प्रत्यक्ष बांधणी चालवणारं साधन) निवडा. मग या ओळी बदला:

- सीमेक_बिल्ड_टाइप: «रेलविथडेबइन्फो». डीबगरमध्ये ओळी दिसतात आणि वेगही राहतो. पूर्ण «डीबग» डिस्कही खातो आणि मोठा डेटा रेंगाळत दाखवतो. जागेची ओढ असेल तर «रिलीज».
- पॅराव्ह्यू_यूज_पायथन: चालू.
- पॅराव्ह्यू_यूज_एमपीआय: बंदच ठेवा. एमपीआय एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटतं, एका लॅपटॉपवर त्याची सहसा गरज नाही.

वर «ॲड एन्ट्री» बटण आहे. त्यातून «सीमेक_सी_कंपायलर_लाँचर» आणि «सीमेक_सीएक्सएक्स_कंपायलर_लाँचर» या दोन ओळी मोठ्या अक्षरांत जोडा, दोन्हींचं मूल्य «सीकॅश» (लहान अक्षरांत). बिल्डचा फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली की याची किंमत कळते: न बदललेल्या फाइली पुन्हा कंपाइल होत नाहीत. टर्मिनलमध्ये «सीकॅश -एम १०जी» (एम आणि जी मोठे) देऊन कॅशची मर्यादा वाढवा.

लाल ओळी म्हणजे चूक नाही, नव्याने आलेले पर्याय. कॉन्फिगर पुन्हा पुन्हा दाबा. लाल ओळ उरली नाही की जनरेट.

९. बांधणं

बिल्ड फोल्डरमध्ये «निंजा -जे ३». चांगल्या लॅपटॉपवर दोन तास, जुन्यावर चार. तोवर लॅपटॉप चार्जरला लावून कडक टेबलावर ठेवा, गादीवर नको. मे महिन्याच्या उकाड्यात पंखा गुदमरला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. होस्टची स्लीप सेटिंग बंद करा. झाकण मिटलं की मशीनही झोपतं.

मधेच «किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस» आलं तर कोडमध्ये चूक नाही, मेमरी संपली. «-जे २» करून पुन्हा निंजा द्या, काम जिथे थांबलं तिथून पुढे जातं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर थेट «-जे १» धरा आणि रात्रभर चालू ठेवा.

आता पावसाळ्याचा खास त्रास. बिल्ड चालू असताना वीज गेली आणि मशीन एकदम बंद पडलं, तर काही ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या राहतात. निंजा फाइलची वेळ बघून ती तयार आहे असं समजतो आणि पुढे लिंकिंगला «फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड» येतं. अशा वेळी सगळं पुसू नका. बिल्ड फोल्डरमध्ये «फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट» चालवा आणि निंजा पुन्हा सुरू करा. यूपीएस वाजू लागला आणि हातात पाच मिनिटं असली तर मशीनची खिडकी बंद करताना «सेव्ह द मशीन स्टेट» निवडा. वीज आल्यावर कंपायलर त्याच ओळीवरून पुढे चालू लागतो.

१०. चालतंय का, आणि तुमचा बदल उतरतोय का

«./बिन/पॅराव्ह्यू». सोर्सेस मेनूतून स्फिअर घ्या, अप्लाय दाबा. गोळा दिसला म्हणजे बांधणी जमली.

आता विकासाचं चक्र तपासा, म्हणजे बदल, बांधणी, परिणाम. व्हीटीकेच्या फिल्टर्स, सोर्सेस फोल्डरमध्ये «व्हीटीकेस्फिअरसोर्स» नावाची सी++ फाइल आहे, त्यात त्रिज्या ०.५ लिहिलेली सापडते. ती २ केली, निंजा चालवलं, तरी गोळा तेवढाच राहतो. इथे अनेकांना बिल्ड बिघडलं असं वाटतं. पॅराव्ह्यू प्रत्येक सोर्सची सुरुवातीची मूल्यं एक्सएमएल फाइलमधून घेतो आणि सी++ मधल्या मूल्यावर तीच चढवतो. म्हणून एसआरसीमध्ये «ग्रेप -आरएन» वापरून एक्सएमएल फाइलींत «स्फिअरसोर्स» (एस आणि दुसरा एस मोठा) शोधा, तिथे «सेटरेडियस»च्या खालचं डीफॉल्ट मूल्य बदला, निंजा द्या. एक्सएमएल बायनरीत भरली जाते, त्यामुळे निंजाशिवाय हा बदलही दिसत नाही. नवा गोळा मोठा आला की यंत्रणा तुमच्या हातात आली. मग गिटने दोन्ही बदल मागे घ्या आणि दुसरा स्नॅपशॉट घ्या.

११. खरा डेटा: गोव्याचा पाऊस

भारतीय हवामान विभाग पुण्याहून रोजच्या पावसाचा ०.२५ अंशाचा जाळीबद्ध डेटा वर्षवार देतो, १९०१ पासूनचा, नेटसीडीएफमध्ये. देशभरासाठी १३५ रेखांश आणि १२९ अक्षांश. गोव्याच्या वाट्याला येणारे बिंदू मात्र बोटांवर मोजण्याइतके: अक्षांश १५, १५.२५, १५.५, १५.७५ आणि रेखांश ७३.७५, ७४, ७४.२५, म्हणजे बारा, त्यातलेही काही समुद्रात किंवा हद्दीच्या पलीकडे. वाळपई आणि पणजी यांच्यात जाळीचं एखादंच घर असतं. त्यामुळे घाटाखालचा आणि किनाऱ्यावरचा पाऊस यांतला फरक या चित्रात ढोबळच दिसणार, तालुकावार निष्कर्ष त्यावरून काढू नका.

फाइल उघडताना दोन ठिकाणी लक्ष द्या. «स्फेरिकल कोऑर्डिनेट्स»वर खूण असेल तर भारत गोलाच्या पाठीवर वळलेला दिसतो. सपाट नकाशा हवा तर खूण काढा. दुसरं, जिथे नोंद नाही तिथे -९९९ भरलेलं असतं. ते तसंच राहिलं तर रंगपट्टी -९९९ पासून सुरू होते आणि सगळा देश एकाच रंगाचा दिसतो. «रिप्लेस फिल व्हॅल्यू विथ नॅन» चालू करा, त्याने भागलं नाही तर थ्रेशोल्ड फिल्टर लावून खालची मर्यादा ० द्या. मग वरच्या पट्टीतलं प्ले बटण दाबा आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिम किनारा दक्षिणेकडून कसा रंगत जातो ते पाहा.

१२. मशीन दुसऱ्याला देणं

वर्गातल्या पाच जणांनी पाच वेळा हे सगळं करण्यात अर्थ नाही. फाइल मेनूतून एक्सपोर्ट अप्लायन्स निवडून ओव्हीए फाइल करा. ती ४ जीबीच्या बरीच वर जाते, आणि फॅट ३२ पेन ड्राइव्ह ४ जीबीहून मोठी फाइल घेत नाही. एक्सफॅट सांगितलं ते यासाठी. एक्सपोर्टमध्ये स्नॅपशॉट जात नाहीत, फक्त आत्ताची स्थिती जाते. देण्याआधी ब्राउझरमधली लॉगिनं आणि एसएसएच किल्ल्या पुसा. घेणाऱ्याने इम्पोर्ट करताना कोअर आणि मेमरी आपल्या लॅपटॉपप्रमाणे बदलून घ्यायची, आणि आत गेल्यावर पहिलं काम म्हणून «पासडब्ल्यूडी» चालवून पासवर्ड बदलायचा.